गाडी पहाटे सेल घेत नाही : खानदेशातली थंडी आणि आपली चारचाकी

गिरणाकाठ (जळगाव) · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

परवा पहाटे पावणेपाचला आईला भुसावळ स्टेशनवर सोडायचं होतं. चावी फिरवली तर टक... टक... टक. डॅशबोर्डचे दिवे मंदावले, घड्याळ शून्यावर गेलं. आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून, मांडीवर कळण्याच्या भाकरीचा डबा धरून बसलेली. "तुझ्या बापाची फटफटी एका किकमध्ये चालू व्हायची," एवढंच म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

शेवटी शेजारच्या काकांना उठवलं. ते कानटोपी घालून, केबल घेऊन खाली आले. रेल्वे सुटायला चार मिनिटं असताना आम्ही फलाटावर पोचलो.

गाडी पेट्रोलची छोटी आहे. साडेचार वर्षं झाली, ५८ हजार किलोमीटर. बॅटरी शोरूममधून आलेलीच. कोडं हे की अख्खा उन्हाळा, ४४-४५ अंशांत, हिने एकदाही कुरकुर केली नाही. मग दहा अंशांनी काय घोडं मारलं?

त्यात डिसेंबरअखेर बायको-पोरांसकट गाडीनेच मनाली करायचं घाटतंय. मित्र म्हणतात, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, हिवाळ्यासाठी गाडीचं वेगळं काही करावं लागत नाही. खरं आहे का हे?

वर्कशॉपवाला (भुसावळ) · सोमवार, रात्री १०:२५

जिभाऊ, तुमची बॅटरी परवा मेली नाही. ती मे महिन्यातच गेली. परवा फक्त तेरावा झाला.

गेली बावीस वर्षं हेच बघतोय. बॅटरीचा खरा वैरी ऊन आहे. बोनेटखाली आधीच भट्टी, वरून आपलं ४५ अंशांचं ऊन. आतल्या प्लेटा झिजतात, पाणी उडतं, ताकद हळूहळू कमी होत जाते. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, म्हणून अर्धमेल्या बॅटरीवरही गाडी चालू होते. थंडीत दोन्ही बाजूंनी मार बसतो. ऑइल घट्ट होतं म्हणून सेल्फला जोर जास्त लागतो आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून ती जोर कमी देते. शून्य अंशाला तर धडधाकट बॅटरीचीही साधारण एक तृतीयांश ताकद जाते. आपल्याकडे ८-१० अंशांवर त्याहून कमी जाते, पण उन्हाळ्याने आधीच खाल्लेली असेल तर तेवढंही पुरतं.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीवर, सकाळी चावी न लावता मोजा. १२.६ व्होल्ट आले तर उत्तम. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. बाराच्या खाली म्हणजे रिकामी. मग कोणाला तरी सेल मारायला सांगून बघा. त्या क्षणी काटा ९.६च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम उरलेला नाही. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याच्या पट्ट्याचा असू शकतो, उगाच नवी बॅटरी घेऊ नका. हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावर निकाल लावू नका.

आधी टर्मिनल बघा. पांढरी-निळसर बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर अशी ठिणगी उडेल की हातातला पाना टाकून पळाल. माझ्याकडे अशा दोन पान्यांवर वितळल्याच्या खुणा आहेत. नवीन पोरांना कामावर घेतलं की पहिल्या दिवशी तेच दाखवतो.

पांझरेचा वारा (धुळे) · सोमवार, रात्री १०:४८

काय सांगू भो, मनी बी तीच गत शे.

आईंचा डायलॉग मात्र एक नंबर.

रोजचा धरणगाव · मंगळवार, सकाळी ७:०५

माझा साधा उपाय. सकाळी उठलो की गाडी चालू करून ठेवतो. दहा मिनिटं. तोवर आंघोळ होते. गाडी गरम, आपण गरम. आजवर कधी त्रास नाही.

वर्कशॉपवाला (भुसावळ) · मंगळवार, सकाळी ८:३०

@रोजचा धरणगाव, दादा, कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे बरोबर होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुष्कळ झालं. तेवढ्यात ऑइल वर चढतं. मग निघा, फक्त पहिले चार-पाच किलोमीटर एक्सिलरेटर दाबू नका. उभ्या गाडीचं इंजिन फार सावकाश तापतं. तोवर जास्तीचं पेट्रोल आत जातं आणि थोडंफार ऑइलमध्ये मिसळतं. दहा मिनिटांत गरम होतो तो फक्त पेट्रोलपंपवाला.

आणि एक कळकळीची विनंती. शटर लावलेल्या गाळ्यात किंवा बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवू नका. सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. थंडी वाजते म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणारे ड्रायव्हर हायवेवरच्या ढाब्यांवर रोज दिसतात. अंगावर काटा येतो.

पांझरेचा वारा (धुळे) · मंगळवार, दुपारी १:१५

आता सविस्तर लिहितो. माझी जुनी डिझेल जीपगाडी. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा सहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही जातो. नदीकाठच्या भागात तर हातमोज्यांतूनही स्टेअरिंग गार लागतं.

जुन्या डिझेलवाल्यांची एक खोड असते, चावी घातली की थेट सेल. डॅशबोर्डवर ती वेटोळ्या स्प्रिंगसारखी पिवळी खूण पेटते, ती विझेपर्यंत थांबायचं. तोवर हीटर प्लग सिलिंडरमधली हवा तापवत असतात. फार गारठा असेल तर मी चावी दोनदा तशीच फिरवतो आणि मगच सेल मारतो. सेलही दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट दम खाऊ द्यायचा. सलग घरघर लावली की सेल्फची मोटरही जळते आणि बॅटरीही बसते. एखादा हीटर प्लग गेला असेल तर सकाळी गाडी थरथरते आणि पांढरा धूर टाकते, मिनिटभराने शांत होते. ती सूचना समजायची.

दुसरं ऑइल. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. पण म्हणून कोणी सांगितलं आणि टाकलं, असं नको. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय त्यातलंच. माझ्या गाडीला १५डब्ल्यू-४० सांगितलंय आणि धुळ्याच्या थंडीला ते पुरतं. फक्त मुदत उलटलेलं काळं ऑइल घालून जानेवारीत शिरू नका.

केळीबाग (रावेर) · मंगळवार, रात्री ८:१०

आमच्याकडे थंडी मोजायला थर्मामीटर लागत नाही. केळीच्या पानावर चरका दिसला की समजायचं, पारा फार खाली गेला. या दिवसांत रात्रीच बागेला पाणी देतो, कडेला धूर करतो. मग गाडीकडे कोण बघतो?

गेल्या जानेवारीत पिकअप धक्क्याला लागली. इंजिन अडखळायचं, वेग धरायचं नाही. फिटरने एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत कापसाची गादी, त्यावर भुईमुगाच्या टरफलांचा ढीग, आणि मधोमध चार गुलाबी पिल्लं. उंदरीण डोळ्यांदेखत वायरिंगवरून पळाली. दोन वायरी कुरतडलेल्या. थंडीत त्यांना बोनेटखालची ऊब लागते, शेतात उभ्या गाडीला तर आमंत्रणच. आता डांबरगोळ्यांची पुरचुंडी आणि तंबाखूची पानं बांधून ठेवतो. उपयोग होतो का? थोडाफार. खरा उपाय म्हणजे गाडी रोज हलवणे आणि आठवड्याला बोनेट उघडून बघणे. सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारायच्या. मांजर असेल तर बाहेर पडतं.

एक प्रश्न. ट्रॅक्टरसाठी मी मे महिन्यात डिझेलचा ड्रम भरून ठेवतो. यंदा पहिल्या थंडीत ट्रॅक्टर दोनदा बंद पडला. फिल्टर काढला तर डिझेल गढूळ, जरा मेणचट. भेसळ असेल का?

वर्कशॉपवाला (भुसावळ) · मंगळवार, रात्री ९:००

@केळीबाग, नाना, भेसळ असेलच असं नाही. डिझेलमध्ये मेण असतं, गारठ्यात त्याचे कण धरतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून आपल्या देशाच्या मानकात डिझेल दोन तऱ्हेचं आहे. फिल्टर तुंबायला लागण्याचं तापमान उन्हाळ्याच्या डिझेलला जास्तीत जास्त १८ अंश चालतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलला ६ अंश. तुम्ही मेचं डिझेल डिसेंबरात वापरताय. शिवाय ड्रममध्ये पाणी धरतं ते वेगळं. पाणी तळाशी बसतं, म्हणून तळातलं कधी उपसू नका. ड्रम रिकामा करून धुवा आणि दिवाळीनंतर ताजा माल भरा.

पंपावरचं ताजं डिझेल भरणाऱ्या कारवाल्यांनी ही काळजी खानदेशात करायची गरज नाही.

सातपुड्याची बाई (शहादा) · बुधवार, सायंकाळी ६:२०

बॅटरी-ऑइल झालं, आता माझं ऐका. मी शिक्षिका, गेली नऊ वर्षं रोज पहाटे शहाद्याहून वर डोंगरात गाडी घेऊन जाते. गाडी चालू न होणं परवडतं हो. चालू झाली आणि समोरचं दिसलं नाही, तर काय करायचं?

काच आतून धुरकटते. सगळे फडक्याने पुसतात. पुसलेल्या काचेवर समोरून लाइट आला की चांदण्या चमकतात, रस्ता गायब. आपल्या श्वासाची वाफ थंड काचेवर बसते, त्यामुळे आतली हवा कोरडी करायला हवी. एसी चालू करा. हो, थंडीतच. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. त्याच्या जोडीला हीटरचा नॉब लाल बाजूला, हवा समोरच्या काचेवर, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. आतल्या आत हवा फिरवत ठेवलीत तर आणखी धुरकटेल. दोन मिनिटांत काच स्वच्छ. मागच्या काचेवर त्या बारीक तारा असतात, त्यांचं बटण वेगळं असतं. पहिली दोन वर्षं मला वाटायचं ती नक्षी आहे.

काचेच्या आतल्या बाजूला धुराचा-प्लॅस्टिकचा तेलकट थर बसतो, तो असेल तर वाफ जास्त धरते. दर रविवारी ओलसर वर्तमानपत्राने आणि मग कोरड्या कागदाने घासते. वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं आणि थंडीत दव पुसताना करकर रेघा ओढतं. पावसाळ्यासाठी बदललं नसेल तर आता बदला.

थंडीची लाट आली की तोरणमाळला, अक्कलकुव्याच्या डाबकडे गवतावर दव गोठतं. तोरणमाळला मुक्कामी असताना एकदा सकाळी गाडीच्या टपावर आणि काचेवर पांढरा थर होता. एक हौशी पाहुणे चहाच्या बंबातलं उकळतं पाणी तांब्यात घेऊन निघाले होते. हात धरला त्यांचा. गार काचेवर कढत पाणी पडलं की तडा जातो. वायपरही त्यावर फिरवायचा नाही, पातं फाटतं. हीटर लावून पाच मिनिटं थांबा, नाहीतर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. मी माझं बँकेचं जुनं कार्ड वापरलं.

मेहरूण तलाव (जळगाव) · बुधवार, रात्री ९:१५

तोरणमाळला बर्फ?? पुढच्या रविवारी निघतो.

सातपुड्याची बाई (शहादा) · बुधवार, रात्री ९:३२

@मेहरूण तलाव, बर्फ नाही भाऊ, गोठलेलं दव. ऊन आलं की नऊपर्यंत संपतं. तुम्ही भरीत आटोपून पोचेपर्यंत काही उरणार नाही. आणि सात पायरी घाटातून उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

गिरणाकाठ (जळगाव) · गुरुवार, रात्री १०:०५

सर्वांचे आभार. हालहवाल सांगतो.

मीटर आणला. सकाळी ११.९. सेल मारताना ८.७. टर्मिनल साफ करून, रात्रभर चार्ज करून पुन्हा बघितलं, दुसऱ्या सकाळी १२.१. वर्कशॉपवाले दादा म्हणाले तेच, तेरावा झालेला. नवी बसवली.

पण धाग्याने डोळे उघडले म्हणून बाकीचंही बघितलं, आणि लाज वाटली. चाकांत ३३ हवं तिथे २५-२६. शेवटची हवा कधी भरली ते आठवेना, बहुधा मेमध्ये, लग्नाला जाताना, भर दुपारी. आणि कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी फिकट गुलाबी. उन्हाळ्यात पाटणादेवीच्या रस्त्यावर गाडी तापली तेव्हा मीच दोन बाटल्या पाणी ओतलं होतं. मग विसरून गेलो.

हवा इतकी उतरते का थंडीने? नायट्रोजन भरला तर उतरत नाही असं पंक्चरवाला म्हणतो.

पांझरेचा वारा (धुळे) · शुक्रवार, सकाळी ७:४०

नायट्रोजनही वायूच, थंडीत तोही आक्रसतो. फार तर टायरमधून सावकाश झिरपतो. साधारण साडेपाच-सहा अंशांना एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, तुझे ३३ तेच) असा हिशेब धर. ४२ अंशांत भरलेली हवा १० अंशांत पाच-सहाने उतरणारच, बाकीची झिरपली.

आपल्याकडे एक वेगळीच गंमत आहे. पहाटे ९ अंश, दुपारी दोनला ३०. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. दुपारी उन्हातून दहा किलोमीटर चालवून पंपावर हवा बघितलीस तर ३३ दिसेल आणि तू खूश. दुसऱ्या पहाटे तीच २८. त्यामुळे हवा सकाळी, गार चाकांत, घराजवळच्या पंपावर बघायची. स्टेपनीचीही. पंक्चर झाल्यावर तिच्यात बारा पीएसआय निघतात तेव्हा तोंड बघण्यासारखं होतं.

नोकरी चंदीगड, घर अमळनेर · शुक्रवार, रात्री ११:३०

मनालीचा विषय निघाला म्हणून लिहितो. सहा वर्षं इकडे आहे. दर दिवाळीला गाडीनेच अमळनेरला येतो.

आधी रस्ता. धुळ्याला राष्ट्रीय महामार्ग ५२ धरलास की शिरपूर, सेंधवा, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत तो पंजाबात संगरूरला सोडतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला येतो तोच हा रस्ता. पण लोक बर्फाला घाबरतात आणि हिसारला फसतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी मध्य, हरियाणा-पंजाबात असं धुकं पडतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. त्या पट्ट्यात सूर्य वर आल्याशिवाय निघायचं नाही आणि अंधाराआधी मुक्काम. एक दिवस जास्त धर.

कुलंट आताच बदल. अर्धं कुलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७च्या आसपास असतो. नुसतं शुद्ध कुलंट जास्त चांगलं असेल असं वाटतं ना? ते उलट उणे १३लाच गोठायला लागतं. तयार मिसळलेलं मिळतं, तेच घे, म्हणजे हिशेबच नको. तुझं पाणी मिसळलेलं तिकडच्या एखाद्या रात्री गोठलं तर रेडिएटर नाही, इंजिनच फुटेल. बोअरचं पाणी तर जळगावातही घालू नकोस, क्षार धरतात. झाकण इंजिन गार झाल्यावरच उघड. सांडलेलं धुऊन काढ, ते गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी नको, तेही गोठतं. न गोठणारं वॉशर मिळतं.

टायर. आपल्या साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होऊ लागतं. आपल्याकडे एवढ्या-तेवढ्याने बिघडत नाही, पण बर्फावर ते साबणाच्या वडीसारखं सरकतं. कायद्याने खाचा १.६ मिलिमीटर चालतात, डोंगरात जाताना मी निम्म्याहून जास्त झिजलेल्या टायरवर जात नाही. बाजूला टायर कधी बनला त्याचा चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. बर्फात टायरवर चढवायची, गाडीच्या मापाची साखळी सोबत ठेव आणि घरासमोर एकदा चढवून बघ. तिथे बधिर बोटांनी पहिल्यांदा जमत नाही. तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढते, साखळी पुढेच. ताजा बर्फ पडला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे पोलीस बऱ्याचदा साखळी किंवा फोर बाय फोर नसलेल्यांना परत पाठवतात. बरंच करतात.

मनालीच्या पुढचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे, ९.०२ किलोमीटरचा. लोक आत मजेत जातात आणि पलीकडे वेगळ्याच ऋतूत बाहेर पडतात. सावलीतल्या वळणावर डांबर नुसतं ओलं दिसतं, तो पातळ पारदर्शक बर्फ असतो. मी स्वतः तिथे वीस फूट आडवा सरकलोय. तेव्हा ब्रेकवर उभा राहिलो होतो, तीच चूक. पाय काढायचा, जिकडे जायचंय तिकडे बघत स्टेअरिंग हळूच वळवायचं. उभ्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये उठवायचं, क्लच अलगद. उतारावर खालचा गिअर. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर. आणि फोर बाय फोर वाल्याच्या मागे जोशात जाऊ नकोस. त्याला निघायला चार चाकांची मदत असते, थांबायला तुझ्याएवढीच.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, ओलावा गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये टाक, चाकाखाली दगड, वायपर वर उचलून ठेव. बर्फात अडकून बसावं लागलं तर सायलेन्सरचं तोंड आधी मोकळं कर. नाहीतर तो धूर आतच येतो. वर्कशॉपवाल्या दादांनी सांगितलंय त्याबद्दल.

डिझेलवाल्यांसाठी, पेट्रोल असल्याने तुला लागू नाही. इथून भरून नेलेल्या डिझेलवर तिकडे रात्र काढू नका, टाकी डोंगरातल्या पंपावर भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं.

आबा चोपडेकर · शनिवार, सकाळी ९:५०

पोरांनो, मनालीच्या आधी चोपडा-शिरपूर रस्ता सांभाळा. तठे बरफ पडस, आठे उसानी ट्रॉली उभी ऱ्हास.

चाळीस वर्षं गाडी चालवतोय. थंडीत धुकं तापीकाठी दाट. त्यात कापसाने भरलेला टेम्पो, दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला. उसाची जोडट्रॉली, मागे ना दिवा ना काच. बंद पडली तर मागे एक दगड आणि पळसाची फांदी. सारंगखेड्याची यात्रा लागली की अंधारात रस्त्याने घोडेही चालतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. घोड्याला कुठला लाल दिवा?

धुक्यात अप्पर मारू नये. धुक्याचीच पांढरी भिंत होते. डिपरवर चालवायचं. पिवळे फॉग लॅम्प असतील तर लावायचे. काच दोन बोटं उघडी ठेवायची, ट्रॅक्टरचा आवाज आधी येतो, ट्रॉली नंतर दिसते.

मेहरूण तलाव (जळगाव) · शनिवार, सकाळी १०:१५

आबा, धुक्यात मी चारही इंडिकेटर लावून चालवतो. लांबून दिसतं.

आबा चोपडेकर · शनिवार, सकाळी ११:००

दिसतं, पण मागच्याला वाटतं तू उभा आहेस. आणि वळताना तू कुठे वळतोस ते कसं कळणार? ते दिवे थांबलास की लावायचे. तेही रस्ता सोडून थांबायचं. धुक्यात पांढऱ्या पट्टीवर थांबलेल्या गाडीला दुसरी येऊन ठोकते, तिला तिसरी.

नोकरी चंदीगड, घर अमळनेर · शनिवार, दुपारी १२:२०

आबांना दंडवत. हरियाणातही नेमकं हेच, फक्त ट्रॉली मोठी.

गिरणाकाठ (जळगाव) · रविवार, रात्री ८:४५

कुलंट बदलला, तयार मिश्रण टाकलं. हवा आज सकाळी साडेसहाला भरली, पंपावरचा पोरगा माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. जम्पर केबल स्वतःची घेतली. काकांनी जोडण्याचा क्रम वहीत लिहून दिलाय : लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या गाडीच्या प्लसला. काळी चांगल्याच्या मायनसला, आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. त्या रात्री अंधारात मी ते बॅटरीवरच लावत होतो, त्यांनी हात झटकला होता. बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणे, ठिणगी नको.

मनाली मार्चमध्ये. बायकोने चंदीगडवाल्या भाऊंची पोस्ट वाचली.

केळीबाग (रावेर) · सोमवार, रात्री ९:१०

आबांचं वाचलं आणि गप्प बसलो, कारण बिनदिव्याच्या ट्रॉल्यांत एक माझीही आहे. काल रावेरहून लाल-पांढऱ्या चमकत्या टेपचं बंडल आणलं. ट्रॉलीची मागची फळी धुतली, वाळवली. मातीवर टेप धरत नाही, पहिला तुकडा संध्याकाळी गळून पडला होता. मग रॉकेलच्या बोळ्याने पुसून, कोरडं करून दोन्ही कोपऱ्यांत उभ्या आणि मधे आडव्या पट्ट्या चिकटवल्या. बाजूलाही लावल्या, कारण वळताना ट्रॉली आडवी होते.

रात्री शंभर पावलांवरून बॅटरी मारून बघितली. झगझगीत. सालदार बाजूलाच उभा होता. म्हणाला, "शेठ, वरात कोनी शे?"

उरलेली टेप त्याने स्वतःच्या सायकलच्या मडगार्डला लावली.